उखाणा घालायचा की घ्यायचा?

मंडळी, आजचा विषय ‘उखाणा : अर्थ, उगम आणि शब्दखेळातली जागा’. तिकडे वळतोच, पण आधी मनात साठलेलं एक बोलून टाकतो.

एका मराठी शब्दकोड्यात आडव्या शब्दाला सूत्र होतं ‘कोडे’, चौकटी तीन. उ-खा-णा. मी आनंदानं लिहिलं, तर उभे शब्द जुळेनात. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, ‘पहेली’! हिंदीशी माझं काही वाकडं नाही. पहेली मोठ्या घरची आहे, संस्कृत प्रहेलिकेची लेक. कामसूत्रातल्या 64 कलांत प्रहेलिका आहे आणि तिला लागूनच प्रतिमाला, म्हणजे आपल्या भेंड्या. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं आपल्या ‘काव्यादर्श’ ग्रंथात प्रहेलिकेचे 16 प्रकार सांगितलेत. पण मराठी कोड्यात, मराठी शब्द तीन चौकटींत चपखल बसत असताना, शेजारणीला का बोलवायचं? मी कळवलं. उत्तर आलं, “उखाणा लग्नात घेतात. कोडं या अर्थानं तो आता कुणाला कळणार?”

हे मला फार लागलं. कुणाला कळणार? आत्ताच बघू. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. हं, बरोबर, जीभ! आणि सुपभर लाह्या, त्यात एक रुपया? मागच्या रांगेतून आलं बघा, चांदण्या आणि चंद्र. हे उखाणेच आहेत. रात्री अंथरुणं पडली की घरातली मोठी माणसं म्हणत, “चला, उखाणा घालते.” घालते. हे क्रियापद धरून ठेवा, कारण सगळी गंमत तिथे आहे. कोडं घालतात, उखाणाही घालतात. आणि लग्नात? तिथे नाव घेतात, म्हणून उखाणाही ‘घेतात’. एकाच शब्दाला दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत.

भेंड्यांतही याचं वजन आहे. तुमचा शेवट ‘णा’वर झाला की समोरच्याची पंचाईत, कारण ण पासून आपल्याकडे शब्दच सुरू होत नाही. मग ‘ण चा न चालेल’ यावरून जी भांडणं होतात ती तुम्ही सगळ्यांनी केलेली आहेत. माझं मत विचाराल तर चालू द्यावं, खेळ अडता कामा नये...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. उगम तर अजून राहिलाच!

तर, मूळ शब्द उपाख्यान. मोठ्या कथेतली पोटकथा. महाभारतातलं नलोपाख्यान आठवा. प्राकृतात ‘उप’मधला प विरघळला, ‘ख्या’चा ‘खा’ झाला, न चा ण झाला. त्याचं भावंड व्याख्यान. त्यावरून ‘वाखाणणे’ आलं. नेपाळीत ‘उखान’ म्हणजे म्हण, गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे कोडं. गोष्ट आटत आटत दोन ओळींची झाली. कुठे तिची म्हण उरली, कुठे कोडं.

मग आपल्याकडे नवऱ्याचं नाव यात कसं शिरलं? माझं म्हणणं असं. बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, हा दंडक. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला मैत्रिणी दार अडवून ते वदवून घेणार. ती आधी महादेवाची पिंडी, बेलाचं पान, समईची वात असं काहीबाही रचते, नाव लांबवते आणि यमकाच्या आडून हळूच सोडते. घरभर फिरवून मग नावाशी येणारे लांबलचक उखाणे तुम्ही ऐकले असतील. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते तिच्या तोंडून यायला हवं. लपवायचं आणि उलगडायचं, ही रीत कोड्याचीच. म्हणून नाव घेण्यालाही उखाणा म्हणू लागले असावेत. लग्नातला अर्थ परका नाही, पण त्याच्यापायी थोरल्या अर्थाला घराबाहेर काढू नका. शब्दकोडी रचणारे कुणी इथे असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, तीन चौकटी आणि ‘कोडे’ असं सूत्र असेल तर उखाणा लिहा.

वेळ संपली. ज्यांना घरातले जुने, घालायचे उखाणे येतात त्यांनी कृपा करून थोडं थांबा. मला ते लिहून घ्यायचेत.