शिवराई चिंचेने घासू नका

मंडळी, ही शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं, एकेकाने हातात घेऊन बघा. फक्त कडेने धरा, बोटांच्या घामात मीठ असतं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' असायला हवं. 'श्री राजा' वाचता येतं. 'शिव'च्या जागी मात्र नुसता सपाट, खड्ड्याखड्ड्यांचा लालसर धातू आहे.

हे माझ्या हातून झालंय. मी बारा वर्षांचा होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरगावच्या आमच्या खोलीत मोरीवर देवाची भांडी घासायला बसलो होतो. देवघरातली ही शिवराई हिरवट झाली होती, म्हणून तीही चिंच-मिठाने घासली. नाणं लखलखलं. आजीने ते हातात घेतलं आणि म्हणाली, "अरे, अक्षरं कुठं गेली?"

अक्षरं गेली ती पाण्याबरोबर मोरीत. जुन्या तांब्यावर आधी लाल ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर हिरवा. नाणं फार गंजलं असेल तर मूळ पृष्ठभाग, म्हणजे टाकसाळीत उमटलेलं अक्षर, खालच्या धातूत राहिलेलंच नसतं. ते या थरांतच टिकून असतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर हा थर विरघळवतात. आपण मळ काढतोय असं वाटतं, आणि जातं अक्षर.

मिठाने तर आणखी घात होतो. त्यातला क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत शिरून बसतो. मुंबईचा जुलै आला, हवा ओलसर झाली, की त्याचं आम्ल बनतं. ते नवं तांबं खातं आणि त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतो. ब्राँझ डिसीज म्हणतात तो हाच. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर घाबरू नका, त्याला हात लावू नका. फिकट पोपटी भुकटी दिसली, काडीने टोकरल्यावर ती सुटली आणि पुसूनही पुन्हा आली, तर ते नाणं त्याच दिवशी बाकीच्यांतून वेगळं करा. त्यावर उपाय म्हणून वापरतात ती रसायनं विषारी असतात, ती घरी वापरू नका. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात कला संवर्धनाचं केंद्र आहे. अशा जाणकारांना विचारा.

नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. दोन-चार दिवसांनी पाणी बदला. आठवडे लागतील, लागू द्या. मग भिंगाखाली धरून बांबूच्या काडीने किंवा बाभळीच्या काट्याने अक्षराच्या कडेची माती हलकेच उचला. तारेचा ब्रश, सुई नको. अक्षर वाचता आलं की हात थांबवा. नाणं पूर्ण कोरडं करा आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या पावसाळाभर बदलत राहा.

आणि आज घरी गेलात की नाण्यांचा अल्बम उघडून हुंगा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी प्लास्टिक आहे. त्यातूनही हळूहळू आम्ल सुटतं. नाणी आज रात्रीच बाहेर काढा.