दरपत्रकाआधीची हकीकत

(दृश्य : म्हापसा बाजार, शुक्रवारची सकाळ. मिरच्यांच्या माळा, केळीचे घड, जमिनीवर मांडलेला भाजीपाला.)

गोव्यात सौदा भावापासून सुरू होत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुठल्याही मांडणीपाशी थोडा वेळ उभे राहा. ‘तुमी खंयचे?’ हा प्रश्न आधी येतो, मिरचीचा दर मागाहून. डिचोलीचे म्हणालात, तर डिचोलीत कुठले? कोणाच्यातले? देव कुठला? शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाता का? समोरची बाई ख्रिस्ती असेल तर ती वाड्याचं नाव आणि फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, महिना सांगेल. दोन मिनिटांत दोघींना एखादा समाईक पावणा सापडतो आणि मग पिशवी उघडते.

ह्या विचारपुशीत हमी मागितलेली असते. माल खराब निघाला, पैसे बुडाले, तर तुम्हाला कुठे गाठायचं हे माणसाला कळून घ्यायचं असतं. पोटासाठी मुंबई गाठलेल्या गोवेकरांनी धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांसाठीची उतरण्याची घरं, उभ्या केल्या, त्याही ह्याच ओळखीवर. बोटीवर नोकरी लागेपर्यंत तिथे आसरा मिळे आणि कुठल्या बोटीवर माणसं हवी आहेत, ती खबरही.

पण गाव आणि देव सांगून ओळख पटते. भरवसा बसायला आणखी काही लागतं.

(दृश्य : डिचोली तालुका. घराच्या मागच्या अंगणात झावळ्यांखाली उभा असलेला जुना ट्रक. चाकांभोवती गवत.)

हे गृहस्थ एके काळी दोन ट्रकांचे मालक होते. दोन्ही ट्रक खाणीवर लावलेले. खनिज भरायचं, बार्जीच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटीच्या, धक्क्यावर ओतायचं, परत फिरायचं. जितक्या ट्रिपा तितका पैसा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, काही वर्षांनी पुन्हा जेमतेम सुरू झाल्या. मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर सगळं थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या भागांत त्या काळात घराघरांत एकच बोलणं होतं, बँकेचा हप्ता.

ह्यांनी एक ट्रक मिळेल त्या भावाला विकला. त्यातून पहिल्यांदा चालकाचा थकलेला पगार चुकता केला, उरलेले पैसे बँकेत भरले. दुसऱ्या ट्रकाला गिऱ्हाईकच मिळालं नाही. तोच हा.

नंतर छोटा टेम्पो घेतला. गोव्याच्या हॉटेलांना लागणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते आणि चोर्ला घाटाचा रस्ता ह्यांच्या पायाखालचा. मध्यरात्री भाजी भरायची, पहाटे घाट उतरायचा, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या मागच्या दाराशी उजाडता उजाडता पोचायचं. अडचण एकच होती, की तिथे आधीपासूनचे पुरवठादार होते आणि सगळ्यांच्या दरात दोन-चार रुपयांचा फरक.

कांदोळीच्या एका हॉटेलात खरेदीचं काम पाहणाऱ्या माणसाने दरपत्रक चाळलं आणि विचारलं, ‘ह्या धंद्यात नवीन दिसता. आधी काय करत होता?’

ह्यांनी सांगितलं. ट्रक, खाण, चालकाचा पगार, अंगणातला दुसरा ट्रक. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. दया मागितली नाही, सरकारला शिव्या दिल्या नाहीत. समोरच्या माणसाने पेन खाली ठेवलं. त्याचे वडील मांडवीतल्या बार्जीवर खलाशी होते. खाणी थांबल्या तेव्हा त्यांचीही नोकरी गेली होती.

त्या दिवशी काम मिळालं ते फक्त कांदा-बटाट्याचं. मला हे फार योग्य वाटतं. हकीकत ऐकून सगळा पुरवठा हातात दिला असता, तर तो व्यवहार राहिला नसता.

(दृश्य : चोर्ला घाट, पाऊस. रस्त्यावर आलेली माती, थांबलेल्या गाड्यांची रांग.)

खरी गोष्ट पुढच्या पावसाळ्यातली. घाटात दरड आली आणि टेम्पो अडकला. पहाटेचे साडेतीन. नवा पुरवठादार अशा वेळी फोन बंद ठेवतो, आणि सकाळी टायर पंक्चर झाल्याचं सांगतो. ह्यांनी लगेच फोन लावला : ‘साहेब, गाडी अडकली आहे. नऊच्या आत पोचत नाही. नाश्त्याचं काहीतरी बघा.’ हॉटेलने उत्तप्प्याचा बेत बदलून शिरा आणि पाव-आम्लेट केलं. आज त्या हॉटेलची सगळी भाजी ह्यांच्याच टेम्पोतून येते.

आपला पडता काळ ज्याला सांगून झाला आहे, त्याला वाईट बातमी कळवायला जीभ अडखळत नाही. कामातल्या नात्यात ह्याचं मोल किती मोठं आहे, हे आपण बोलतच नाही.

(दृश्य : एका कार्यालयातली बैठक. नवीन कर्मचारी उभे राहून ओळख करून देत आहेत.)

कामाच्या जागी माणसाला उभं करून ‘तुमच्याबद्दल काहीतरी सांगा’ म्हणण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. त्यातून क्वचितच काही निष्पन्न होतं. आणि रुजू झालेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात लग्नाचं विचारणं, ही तर निव्वळ आगाऊ चौकशी. आपलं काय सांगायचं आणि कधी, हे सांगणाऱ्यानेच ठरवायला हवं.

(दृश्य : मालिम जेटी. ओळीने लागलेले ट्रॉलर, जाळी शिवणारे खलाशी.)

ज्यांना इथे कोणी काही विचारतच नाही, अशी माणसं मालिमच्या जेटीवर भेटतात. ट्रॉलरवरचे बरेचसे खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले. इथल्या सातेरी देवीशी किंवा फेस्ताशी त्यांचं नातं नाही, म्हणून ‘तुमी खंयचे?’ हा प्रश्न त्यांच्यापाशी येऊन थांबतो. ह्याची झळ मालकांनाच बसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशी गावी जातात, भाताची लावणी करतात. ऑगस्ट उजाडतो, बंदी उठते, आणि माणसं परतली नाहीत म्हणून कितीतरी बोटी जेटीलाच बांधलेल्या राहतात.

इथले एक मालक जुलैमध्ये फोन करतात ते लावणी कुठवर आली हे विचारायला. कोणाची शेती किती, कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्यांना ठाऊक असतं. आणि त्यांनी आपलंही सांगितलेलं आहे. त्यांचे वडील रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, होते. सत्तरच्या दशकात यांत्रिक बोटींविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले, त्यांत ते होते. मुलाने ट्रॉलर घेतला तेव्हा बापलेकांत बरेच दिवस अबोला होता. मालकाच्या तोंडून हे ऐकल्यावर झारखंडचा एक खलाशी पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला : त्याच्याही बापाला त्याने समुद्रावर जाणं पसंत नव्हतं.

ह्या मे महिन्यात गावी निघताना त्याने बियाण्यासाठी उचल मागितली. मालकाने दिली, आणि कच्ची चिठ्ठीसुद्धा लिहून घेतली नाही.