२४० चौकोनांचा दिवा

(मोरजी. मंदिराची भिंत, जवळून.)

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजाई मंदिरातली ही कावी, म्हणजे भिंतीवर खरवडून काढलेली तांबडी-पांढरी नक्षी. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर कर्कटकानं वर्तुळं आखायची आणि टोकदार सळईनं तांबडं खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. गोव्यातल्या अशा कितीतरी भिंती जीर्णोद्धारात नव्या रंगाखाली गेल्या. ज्या उरल्यात त्या नीट बघायला हव्यात.

(फोंडा. लॅपटॉपचा पडदा.)

फोंड्याच्या या तरुण डिझायनर मुलीनं कागदाच्या गोल दिव्यासाठी कावीतलं वर्तुळच घेतलं, पण चार तुकडे करून. दोन सेंटिमीटरचा चौकोन. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाव-पाव वर्तुळ, बाजूंच्या बरोबर मध्यावर टेकलेलं. चौकोन ठेवायच्या रीती दोनच: असा, नाहीतर पाव फेरा फिरवून. १७०४ साली सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच पाद्र्यानं कर्णानं दोन रंगांत विभागलेल्या चौकोनांचा असाच हिशेब मांडला होता. त्यात पाव वर्तुळं आणली ती सिरिल स्टॅन्ली स्मिथ या धातुशास्त्रज्ञानं, १९८७ मध्ये.

कुठलाही चौकोन कसाही फिरवा, त्याची रेष शेजारच्या रेषेला मिळतेच. म्हणून कागद गोल वळवला तरी नक्षी जोडावर तुटत नाही. घेराला २४ चौकोन, उंचीला १०. कोणता चौकोन कसा ठेवायचा ते संगणक छापा-काटा करून ठरवतो. अशा किती नक्ष्या निघू शकतात? ७३ अंकी संख्या होते.

पण नुसता छापा-काटा हिला नको होता. तळाच्या ओळींत तिनं चौकोन आळीपाळीनं बसवले. तसं केलं की पूर्ण वर्तुळं मिळतात, थेट कावीतली. वर जाऊ तशी संगणकाला मोकळीक वाढत जाते. दिव्यातली खरी कला मला इथं दिसते.

(लेझर कटिंग. निवेदन नाही.)

पूर्ण वर्तुळ कापलं तर आतला तुकडा गळून पडेल. म्हणून दोन चौकोनांच्या शिवेवर दोन मिलिमीटर कार्डशीट न कापता सोडलंय. हा इथं दिसतोय तो सांधा.

बल्ब छोटा, पारदर्शक काचेचा. दुधी बल्बानं भिंतीवर पडणारी दिव्याची नक्षी पुसट होते.

(दिवा लागतो. फक्त चित्र.)

बाजारात प्लॅस्टिकचे तयार कंदील स्वस्तात मिळतात. हिची गिऱ्हाइकं अजून मोजकीच.

पुढचा दिवा षटकोनांचा. सहा बाजूंचे मध्य रेषा एकमेकींना न छेदता जोडायचे, तर रीती पाच. त्याची आखणी सुरू झाली आहे.