अभिवचनाची खिळाजुळणी

(पडद्यावर केडगाव स्थानक दिसते. गाडी निघून जाते आणि फलाट रिकामा होतो.)

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे केडगाव आज उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यातले गाव म्हणून ओळखले जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली उतरत होत्या. त्यांच्यापैकी अनेकींना आपले वय सांगता येत नव्हते, आणि उद्याही जेवायला मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांना आणणाऱ्या बाईंनाही पुढच्या महिन्याचा किराणा कोठून येणार हे ठाऊक नव्हते. पंडिता रमाबाईंचे हे निराधार मुली-बायकांचे घर म्हणजे मुक्ती मिशन.

(दगडी प्रार्थनामंदिर. सकाळची उपासना सुरू होण्यापूर्वीची शांतता.)

मराठी ख्रिस्ती घरांत ‘अभिवचन’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. देवाने दिलेला शब्द म्हणजे अभिवचन, आणि तो देणाऱ्यावर सोपवलेला म्हणून पाळला जाणारच, असा त्या शब्दामागचा भाव आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री अनेक मंडळ्यांमध्ये वचनांच्या चिठ्ठ्या काढल्या जातात, आणि आलेली चिठ्ठी वर्षभर पाकिटात किंवा बायबलच्या पानांत जपून ठेवली जाते. ही प्रथा सुंदर आहे. परंतु अभिवचनावर भिस्त ठेवून दोन हजार माणसांचे घर चालवणे ही निराळीच गोष्ट आहे, आणि ते ज्यांनी चालवले त्या रमाबाईंचा विश्वास पूर्वी एकदा पार कोसळून पडलेला होता, हे विसरून चालणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे पायी फिरले. पुढे दुष्काळ पडला. जवळचे होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले, भांडीकुंडी विकून झाली, आणि शेवटचा तांदूळही संपल्यावर ही माणसे रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्याचे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिले आहे. आईवडील आणि थोरली बहीण त्या काळात गेली. ज्या श्रद्धेने आईवडिलांनी सर्वस्व दिले, त्या श्रद्धेला कोणाकडूनच उत्तर आले नाही, ही सल घेऊन त्या भाऊ श्रीनिवास यांच्यासह चालत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. दोन वर्षांत भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षे पुरी होण्याआधीच पती बिपिनबिहारी मेधावी हेही कॉलऱ्याने गेले. कडेवर लेक मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, अशी कबुली त्यांनी नंतर दिली, आणि ती गाठ १८९१ च्या सुमारास पडल्याचे सांगितले. मधल्या काळात मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवांच्या शिक्षणासाठी त्यांचे शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि सल्लागार मंडळातील थोर मंडळी बाजूला झाली. तो स्वतंत्र लघुपटाचा विषय आहे.

(झाडांखाली सावलीत बसलेल्या मुली. पानांची सळसळ.)

१८९६ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिरात घडलेला एक प्रसंग रमाबाईंनी नोंदवून ठेवला आहे. त्यांच्याबरोबर सदनातल्या पंधरा मुली होत्या आणि त्या पंधराही जणींनी ख्रिस्तावरचा आपला विश्वास प्रकट केला होता. पहाटे झाडांमध्ये एकान्तात प्रार्थना करताना रमाबाईंच्या मनात आले की देवाकडे या पंधराचा वर्ग मागावा, म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा इतक्या मुलींना जागाच नव्हती, त्यामुळे हा आकडा त्यांना स्वतःलाच अशक्य वाटला. शास्त्रीबुवांच्या या लेकीने देवापुढे गणित मांडावे, यात थोडा हट्ट आहे आणि पुष्कळसा लाडही आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अकरा दिवसांचा तो झाडपाला आठवत त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे केडगावला आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर छपरे उभी राहिली, आणि १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर या आवारातील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

अमेरिकेतील मित्रांनी घेतलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ मध्ये संपली होती. नवी संस्था स्थापन झाली, मदतही येत राहिली, पण पसारा तिच्या कितीतरी पुढे गेला होता. आपले बँकेत खाते नाही, कोणतीही ठेव नाही, रोजच्या गरजेपलीकडे हातात एक पैसाही नाही, आणि तरीही स्वर्गीय पित्याच्या हातून रोजची भाकर घेत आपण सुखात आहोत, अशा अर्थाचे रमाबाईंनी १९०७ साली आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, लिहिले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वचन मुक्तीच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी नव्याने तपासले जात होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. त्याबरोबर हेही नमूद करायला हवे की या विश्वासाने कोणालाही हात जोडून स्वस्थ बसवले नाही, कारण शेती, विणकाम, दूधदुभते, तेलघाणा आणि छापखाना ही सारी कामे येथील बायकाच करीत होत्या.

(छपाईचे शिशाचे खिळे. एक हात त्यांतून अक्षर उचलतो.)

आता पडद्यावर जे दिसते आहे तेथे थोडे थांबले पाहिजे. रमाबाईंच्या विश्वासाची सर्वांत मोठी खूण भरलेल्या धान्याच्या कोठारात शोधण्यापेक्षा या लहानशा खिळ्यांत शोधावी, असे हा लघुपट करताना आम्हाला वाटू लागले.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्येच बाहेर पडला होता, आणि पुढची सुधारित भाषांतरेही हाताशी होती. परंतु भागवताचे अठरा हजार श्लोक ऐकत वाढलेल्या रमाबाईंना त्या मराठीतली संस्कृत वळणे खटकत. प्रौढ शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, आणि कळतात तेव्हा आपल्याबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थ घेऊन येतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? जिला अभिवचनाचा शब्दच उमगत नाही तिने त्यावर भरवसा ठेवायचा कसा, हा प्रश्न त्यांनी आपला मानला. मग पन्नाशीकडे झुकताना, मंद झालेल्या कानांनिशी, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास मांडला आणि मूळ भाषांवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले. ते सुमारे अठरा वर्षे चालले.

खिळाजुळणी मुक्तीतल्याच स्त्रियांनी केली. देवनागरीची जुळणी करणाऱ्यास काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे असंख्य खिळे हाताशी ठेवावे लागतात, अक्षर उलटे वाचावे लागते, आणि एक अनुस्वार सुटला तर ओळ मोडून पुन्हा बसवावी लागते. ज्या बोटांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती, त्यांनी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंतची पाने एकेक खिळा उचलून उभी केली. ओली मुद्रिते, म्हणजे तपासणीसाठी काढलेली पाने, रमाबाईंकडे जात आणि खुणांनी भरून परत येत.

(यंत्र फिरते. येथे निवेदन नाही, केवळ त्याचा आवाज.)

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईने लेकीच्या मागे काम थांबवले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना रमाबाईंनी केली आणि ती तपासून झाल्यावर झोपेतच त्यांचा अंत झाला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. तो दिवस ५ एप्रिल १९२२ हा होता. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले. मराठी मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले आणि रमाबाईंचे थोड्याच घरांत पोचले.

(जुनी प्रत उघडली जाते. एक मुलगी पानावर बोट ठेवून तेविसावे स्तोत्र मोठ्याने वाचू लागते. तिचे वाचन संपेपर्यंत चित्र बदलत नाही.)