बीजीनं बोललेला नवस

(दृश्य: लंगर, म्हणजे गुरुद्वारातलं सामुदायिक स्वयंपाकघर. तापलेली तवी, वाफ, पोळ्या उलटणारे हात.)

मेळ्याच्या दिवसांत ही तवी पहाटेच पेटते. तवी म्हणजे आपल्या घरातला तवा नव्हे. विटांच्या भट्टीवर बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा आहे हा. एका वेळी तीसचाळीस पोळ्या सहज मावतात. पलीकडे बायकांची रांग बसलीय. कुणी कणकेचे गोळे करतंय, कुणी लाटतंय, कुणी नुसतं तूप लावतंय. कुणी कुणाला काम वाटून दिलेलं नाही. जागा दिसली की बसायचं.

त्या रांगेत डावीकडचे हात बघा. सगळ्यांच्या हातात कडी आहेत, या हातांत हिरव्या बांगड्या. हे हात सातारा जिल्ह्यातले आहेत, माण तालुक्यातले.

त्या हातांच्या वर कॅमेरा जाणार नाही, हे आधीच ठरलंय. नवरा फौजेत हवालदार. त्यामुळे त्यांचं नाव, युनिट, छावणी, पोरीची शाळा यातलं काहीच या फिल्ममध्ये येणार नाही. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. तुम्हीही वहिनीच म्हणा.

आणि हे गाव घुमान. पंजाबातला गुरदासपूर जिल्हा.

(दृश्य: पांढरा घुमट, सरोवर, पायऱ्यांवरची गर्दी.)

हा नामदेव दरबार. होय, आपले नामदेव. शिंप्याच्या घरात जन्मलेले, ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केलेले, विठ्ठलाशी हक्कानं भांडणारे. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली त्यानंतर नामदेव उत्तरेकडं निघाले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे पंजाबात वीसएक वर्षं राहिले. या मुक्कामाचं गाव म्हणजे घुमान. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. रोज, जगभरच्या गुरुद्वारांमध्ये, त्या ग्रंथापुढं माथा टेकला जातो, तेव्हा तो आपल्या शिंप्याच्या पोराच्या शब्दांपुढंही टेकला जातो. आपल्याकडं हे किती जणांना माहीत आहे? २०१५ च्या एप्रिलमध्ये इथं ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते, महाराष्ट्रातून खास गाड्या सुटल्या, गावानं आपली घरं पाहुण्यांना उघडून दिली. त्यानंतर आपण पुन्हा विसरलो. घुमान नाही विसरलं. इथं आजही ‘महाराष्ट्रातून आलोय’ एवढं सांगून बघा. चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

वहिनींना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना घुमानला आणलं ते एका नवसानं, आणि तो नवस त्यांनी बोललेलाच नव्हता.

(दृश्य: रेल्वे स्थानक. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेलं नाव, धूसर केलेलं.)

फौजी घराचा संसार या काळ्या ट्रंकेत मावतो. मावत नाही ते सोडायचं. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस साताऱ्या-नगरच्या फौजी घरांना तोंडपाठ असते. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, मग दिल्ली, अंबाला, जालंधर. डब्यात दोन रात्री काढायच्या. पठाणकोट कँटला उतरायचं, ज्याला जुने फौजी अजूनही चक्की बँकच म्हणतात. वहिनी पहिल्यांदा उतरल्या तेव्हा कडेवर सहा महिन्यांचा पोरगा होता आणि हाताशी चार वर्षांची पोर.

पीस पोस्टिंग होतं, म्हणून कुटुंब आणता आलं. काही महिन्यांत नवऱ्याचं फिल्ड, म्हणजे सीमेकडचं पोस्टिंग, निघालं. फिल्डला बायकामुलं नेता येत नाहीत. अशा घरांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, ‘सेपरेटेड फॅमिली’ची, सगळे नुसतं एसएफ म्हणतात. पण त्यांनाही यादी असते. नंबर लागेपर्यंत वहिनींनी छावणीबाहेर, म्हणजे फौजी भाषेत ‘सिव्हिल’मध्ये, दोन खोल्या घेतल्या. गावी परत का नाही गेल्या? पोरीचं शाळेचं वर्ष. आणि एक कारण त्या हसत सांगतात, “गावी गेले असते तर सासूबाईंनी पोरांना सांभाळलं असतं, आणि मला गावानं.”

देवाधर्माचं विचारलं तर त्यांचं उत्तर सरळ होतं. माणमध्ये पाऊस मागून मागून आजा गेला, बाप गेला. देवघरात सासूबाई सांगतात म्हणून दिवा लावायचा. छावणीत रविवारी मंदिर परेड असते, युनिटचे पंडितजी आरती करतात, बायकांनी यायचं असतं म्हणून जायचं. “हात जोडायचे. मनात मात्र कुकरला किती शिट्ट्या झाल्या तेच चाललेलं.”

(दृश्य: धुक्यातला रस्ता. विजेचे खांब दिसेनासे होतात.)

हे धुकं या जानेवारीतलं आहे. गोष्ट आदल्या हिवाळ्यातली. त्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे कुठून असणार? तेव्हा आम्ही वहिनींना ओळखतही नव्हतो. पण धुकं असंच होतं.

पोराला दिवसभर ताप. रात्री त्यानं डोळे फिरवले आणि अंग ताठ झालं. गाडी मागवायला फोन केला तर धुक्यामुळं वेळ लागेल असं कळलं. वहिनी पोराला घेऊन दारात उभ्या, पोरगी झोपेतून उठून रडतेय. समोरच्या घराचं दार उघडलं. सत्तरीच्या पुढची बाई, अंगावर शाल, पायात घरातल्या सपाता. हिच्याशी वहिनींचं आजवर ‘सत श्री अकाल’पलीकडे बोलणं नव्हतं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. पोराच्या कपाळाला हात लावला आणि आत वळून नातवाला हाक मारली.

नातवानं गाडी काढली. काचेपुढं काहीच दिसेना. मग शेजारचा एक माणूस मोबाइलची बॅटरी लावून गाडीपुढं चालत निघाला, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून. मोठा रस्ता लागेपर्यंत तो तसाच चालला. तो कोण होता हे वहिनींना पुढे कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, तापातला झटका आहे, या वयात पोरांना येतो, ताप उतरला की बरं वाटेल. तसंच झालं. दवाखान्याच्या बाकावर ती म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन सकाळपर्यंत बसून होती. नवऱ्याला हे कळलं चौथ्या दिवशी, नेटवर्क आल्यावर.

पोरं तिला बीजी म्हणू लागली. पंजाबात आजीला असं म्हणतात. वहिनीही बीजीच म्हणतात.

(दृश्य: चूल, परात. मक्याचं पीठ मळणारे म्हातारे हात.)

हे बीजीचं अंगण. चित्रण करायला बीजीची अजिबात हरकत नव्हती, फक्त चहा पिऊन मग कॅमेरा काढा, एवढीच अट. परातीत मक्याचं पीठ आहे. गरम पाणी घालून मळायचं, कारण मक्याला चिकटपणा नाही, गव्हासारखं ते लाटता येत नाही, कडा फाटतात. हातावरच थापावं लागतं.

आता वहिनींचे हात बघा. पहिल्यांदा बीजीनं शिकवायला घेतलं आणि वहिनींनी गोळा उचलून थेट थापायलाच सुरुवात केली. जन्मभर ज्वारीची भाकरी थापलेली बाई. बोटांनी कड दाबत, परात फिरवत, एकही चीर न पडू देता. बीजी बघतच राहिली. शेजारच्या दोघीतिघींना तिनं बोलावून आणलं. ‘फौजीची बायको’ ही ओळख त्या दिवशी संपली. हिला रोटी येते, हे गल्लीभर झालं.

या चुलीपुढं एकदा बीजीनं गोष्ट काढली. बाबा नामदेव जेवायला बसले होते, कुत्रं आलं आणि रोटी पळवली. बाबा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको रे, तूप तरी घे. वहिनी म्हणाल्या, “ही तर आमची गोष्ट. आम्हाला शाळेत होती.” बीजीला ते पटेना. नामदेव तर घुमानचे. आणि घुमान बीजीचं माहेर.

मग बीजीनं नवसाचं सांगितलं. पंजाबात त्याला सुखना म्हणतात. त्या रात्री बाकावर बसल्या बसल्या ती बोलून गेली होती: हे पोर उठलं तर त्याची आई हिवाळाभर गावच्या गुरुद्वारात लंगरची सेवा करील आणि माघातल्या मेळ्याला घुमानला माथा टेकील. नवस बीजीचा, फेडायचा वहिनींनी! आपल्या नावावर परस्पर ही उधारी कुणी केली असती तर आपण काय म्हटलं असतं? वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी ओढणी डोक्यावर घेऊन गुरुद्वारात गेल्या.

कॅमेऱ्याला पाठ करून त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते जसंच्या तसं असं: “माझ्या लेकरासाठी नवस बोलायचं मला न्हाय सुचलं. मी तर त्याला गच्च धरून बसलेली. आन् ही बाई, जिला माझं नाव ठावं न्हवतं, ती देवाकडं माझ्यासाठी भांडत होती. देव हाय का न्हाय ते मला आजबी सांगता येत न्हाय. पर आता हात जोडते तवा खरंच जोडते.”

(दृश्य: जोडाघर, भांडी घासण्याची रांग, पंगत.)

लंगरची सेवा म्हणजे काय, तर आधी चपला. जोडाघरात येणाऱ्यांच्या चपला घ्यायच्या, पुसायच्या, बिल्ला द्यायचा. मोटारीतून आलेले सरदारजी इथं अनोळखी माणसाचे बूट पुसताना दिसतील. मग भांडी. स्टीलच्या ताटांचा हा आवाज दिवसभर थांबत नाही. पीठ, तूप, साखर सारख्या मापानं घेऊन कडाह प्रसाद होतो, तो मात्र जाणतेच करतात. पोळीला इथं परशादा म्हणतात. वाढणारा ‘परशादा जी’ म्हणत पंगतीतून जातो आणि घेणाऱ्यानं दोन्ही तळवे पुढं करायचे. मंत्री असो की मजूर, पोळी ताटात पडत नाही, हातात पडते. वहिनींची पोर हे इतकं शिकली की घरीही ताटात वाढलेली पोळी घेईना. दोन्ही हात पुढं करून बसायची.

वहिनी आधी भांड्यांत होत्या. नंतर तवीवर गेल्या.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि गुरदासपूर जिल्ह्यात ब्लॅकआउट लागला. त्याचंही चित्रण नाही. काळोख चित्रित करून काय दिसणार! तोवर वहिनींचा नंबर लागून एसएफ क्वार्टर मिळायच्या बेतात होतं, पण त्या रात्री त्या बीजीच्याच घरी होत्या. खिडक्यांना कागद, जमिनीवर गाद्या, मध्ये पोरं, दोन्ही कडेला दोघी. नवऱ्याचा फोन १० मेच्या शस्त्रसंधीनंतर आला. एवढंच.

(दृश्य: घुमान, मेळा. गर्दीतून चालणारी बीजी, तिच्या ओढणीचं टोक धरलेली पोरगी, कडेवर पोरगा. बराच वेळ निवेदन नाही.)

माघाच्या सुरुवातीला, आपल्या संक्रांतीच्या आसपास, घुमानचा मेळा भरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून गावंच्या गावं येतात. पोरगा आता धावतो, त्यामुळे आमच्या कॅमेरामनचे हाल झाले. दरबारात वहिनींनी माथा टेकला, पोराला टेकायला लावला. नवस फिटला. बीजीचं म्हणणं, अजून व्याज राहिलंय, पुढच्या माघातही या.

पुढच्या माघात त्या कुठं असतील सांगता येत नाही. नवऱ्याचं फिल्ड संपत आलंय, बदलीचा हुकूम येईल. कुठंही जायचं झालं तर तिथली एखादी नवी आलेली बाई शोधायची, पोरं लहान असलेली, एवढं त्यांनी ठरवलंय. क्वार्टरमध्ये आल्यापासून अशाच दोघीजणींचं डब्याचं आणि दवाखान्याचं त्या बघतातही.

सध्या मात्र एक वेगळाच वाद चालू आहे, तो फोनवर आणि वहिनींच्या मध्यस्थीनं. माणमध्ये बसलेल्या सासूबाईंचं म्हणणं, नामदेवांनी समाधी घेतली ती पंढरपुरात, महाद्वाराच्या पायरीशी. नामदेव पायरीवर पाय न देता आजवर सगळी वारी आत गेलीय. बीजीचं म्हणणं, समाधी घुमानातच, तिनं लहानपणापासून बघितलीय. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघी माघार घ्यायला तयार नाहीत. वहिनी इकडचं तिकडं सांगताना मधला तिखट भाग गाळतात, हे दोघींच्याही लक्षात आलंय.

म्हणून सासूबाईंनी स्वतःच यायचं ठरवलंय. झेलमचं तिकीट काढलंय, ते अजून वेटिंगवर आहे. बीजीनं नातवाला विचारून ठेवलंय, पठाणकोटला न्यायला गाडी किती वाजता काढायची.