रॅम्पइतकाच मजकूरही हवा

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘विद्यापीठातील दिव्यांग विद्यार्थी व कर्मचारी आणि समान संधी कक्ष’. हा कक्ष म्हणजे दिव्यांगांच्या सोयी आणि हक्कांकडे बघणारा विद्यापीठाचा विभाग. त्यावर बोलायचंच आहे. पण प्राध्यापक, ग्रंथपाल, परीक्षा विभाग आणि कार्यालयातले लिपिक असे सगळे एका सभागृहात सहसा सापडत नाहीत, तेव्हा आधी मला एक गोष्ट सांगून घ्यायची आहे. तुमच्या कॉलेजात रोज जो मजकूर तयार होतो, नोट्स, परिपत्रकं, वेळापत्रकं, अर्ज, प्रश्नपत्रिका, तो सगळ्यांना वाचता येईल अशा रूपातच तयार व्हायला हवा. कोणी मागितल्यावर नव्हे, पहिल्यापासून. याला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि तरी हेच सगळ्यात कमी ठिकाणी होतं.

दिव्यांगांसाठी काय केलं असं विचारलं की आपल्याकडे रॅम्प दाखवतात. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या सातव्या निकषात तशी विचारणा असते, फाइलला फोटो जोडायचा असतो, आणि रॅम्पचा फोटो काढता येतो. रॅम्प हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तो चढता येईल असा हवा. मानक असं सांगतं की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांची उंची साधारण दीड फूट धरली तर १८ फुटांचा रॅम्प झाला. मी कितीतरी कॉलेजांत गेले, तिथे तो आठ-दहा फुटांतच आटोपलेला असतो, वर गुळगुळीत फरशी. व्हीलचेअरवरचा मुलगा एकटा चढू शकत नाही, दोन मित्र मागून ढकलतात. मित्र सुट्टीवर असले की हासुद्धा सुट्टीवर. आणि वर पोहोचल्यावर कळतं की ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आहे. तेव्हा बांधकाम विभागाची मंडळी इथे असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, आणि मी माझ्या मुद्द्याकडे वळते.

आमच्या विभागात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. जन्मापासून अंध, ब्रेल अस्खलित, मोबाइलवर मजकूर बोलून दाखवणारं टॉकबॅक आणि लॅपटॉपवर तसंच एनव्हीडीए वापरणारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली ते करायला घेतलं, आणि ते आजही फुकट मिळतं. मराठीही वाचतं. आवाज थोडा यंत्रासारखा आहे, पण चार दिवसांत सवय होते आणि मग ही मुलं इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला शब्दही पकडता येत नाही.

तर या मुलाला विभागाने नोट्स दिल्या. टाइप केलेल्या, पेनड्राइव्हवर, अगदी आपुलकीने. सगळ्यांना वाटलं, काम झालं. त्याने माझ्यासमोर फाइल उघडली. शीर्षकात ‘मराठी माध्यम’ असं लिहिलेलं होतं. त्याने बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर ऐकवलं: ई, जे, के, बी, एच. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, “मॅडम, हे मराठी.”

झालं होतं असं, की नोट्स कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये ‘म’ असं वेगळं अक्षर संगणकाला माहीतच नसतं. आत इंग्रजी ‘ई’ साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याच्यावर ‘म’चं चित्र चढवतो. ‘र’च्या जागी ‘जे’, कान्याच्या जागी ‘के’, ‘ठ’च्या जागी ‘बी’. डोळ्यांनी बघणाऱ्याला मराठी दिसतं. कानाने वाचणाऱ्याला चित्राशी काही देणंघेणं नसतं, त्याला आतलं ऐकू येतं. श्री-लिपी म्हणा, आणखी कुठला जुना फॉन्ट म्हणा, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत, नसली तर गत हीच. पन्नास पानं, आणि त्यातला एक शब्दसुद्धा त्याच्या उपयोगाचा नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आणि अजूनही आपली कितीतरी पानं जुन्या फॉन्टमध्ये निघतात, कारण डीटीपीवाल्याचा हात तिथे बसलाय आणि त्याला कोणी दुसरं काही सांगितलेलं नाही.

मग तो मुलगा अभ्यास करायचा कसा? त्याची धाकटी बहीण दहावीत होती. ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून त्याच्या नोट्स मोठ्याने वाचायची आणि हा मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. मी ती रेकॉर्डिंग्ज ऐकली आहेत. ‘उपयुक्ततावाद’ या शब्दाला ती पोरगी प्रत्येक वेळी अडखळते, मध्येच कुकरची शिट्टी होते, आई काहीतरी विचारते, ती “थांब गं” म्हणते आणि पुन्हा मिल या तत्त्वज्ञाच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेवर येते. तो मला म्हणाला, कुठला मुद्दा कुठे आहे हे मला शिट्ट्यांवरून सापडतं. वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, तोही मनापासून हसला. पण घरी जाताना माझ्या डोक्यात बहीण होती. तिची दहावी होती ना! तिच्या अभ्यासाचे तास आपण खात होतो. सोय विद्यापीठाने केली नाही की ती कोणीतरी करतंच. घरातली मुलगी करते, आई करते, खोलीवरचा मित्र करतो. त्याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये होत नाही.

यातून मार्ग काढला तो आमच्या विभागातल्या टायपिस्ट ताईंनी. त्यांनी फॉन्ट बदलून देणारं कन्व्हर्टर शोधलं. त्याने ऐंशी टक्के काम होतं, पण ऱ्हस्व वेलांटी घोटाळा करते. जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरं आणि रफारही हलतात. ताई दुपारच्या वेळी एकेक पान तपासत बसायच्या. मग त्यांनीच मला सांगितलं, “मॅडम, जुनं निस्तरण्यापेक्षा मी नवीन सगळं इन्स्क्रिप्टवरच टाइप करते.” इन्स्क्रिप्ट म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करायचा कीबोर्ड. थोडे दिवस हात अडखळले, मग वेग आला. पुढच्या वर्षीपासून विभागाचा एकही कागद जुन्या फॉन्टमध्ये निघाला नाही. त्याचा फायदा अंध मुलांइतकाच इतरांनाही झाला. मोबाइलवर नोट्स वाचणारी सगळी पोरं खूश, कारण मजकूर शोधता येऊ लागला, अक्षर मोठं करता येऊ लागलं. डिस्लेक्सिया असलेली एक मुलगी होती, ती ऐकत ऐकत वाचायला लागली. टायपिस्ट ताईंचा सत्कार कुठल्याही कार्यक्रमात झालेला नाही. तो व्हायला हवा होता असं मला आजही वाटतं.

दुसरी गोष्ट परिपत्रकांची. संगणकावर टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा, मग स्कॅन करून पीडीएफ ग्रुपवर टाकायची. सहीसाठी आपण चांगल्या मजकुराचा फोटो करून टाकतो. फोटोत अक्षरं नसतात, एनव्हीडीए तिथे गप्प होतं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या गप्प कागदात असते. माझी विनंती इतकीच: सहीची प्रत टाका, आणि सोबत मूळ टाइप केलेली फाइलही टाका. लिपिकाला दोन मिनिटं लागतील.

ग्रंथपालांसाठी एक. पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचा भंग होईल, ही भीती काढून टाका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकासाठी वाचण्याजोगी प्रत करायला स्पष्ट मुभा आहे. याच कामासाठी झालेला माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार जगात सगळ्यात आधी मंजूर केला तो भारताने, २०१४ मध्ये. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालू आहे, एकदा जाऊन बघा. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. आपल्या मुलांची तिथे नावनोंदणी करून देणं हे ग्रंथालयाचं काम आहे, मुलाने स्वतः शोधत बसायचं नाही.

आता कर्मचाऱ्यांबद्दल. हा भाग आपण नेहमी गाळतो. माझी नजर नोकरीत असताना गेली, रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे. आधी संध्याकाळनंतरचं दिसेना, मग बाजूचं, शेवटी समोरचंही. त्या वेळी मी ज्या संस्थेत होते तिथल्या कार्यालयात मला बसवून, चहा देऊन, ऐच्छिक निवृत्तीचा फॉर्म पुढे केला. “तुमचीच ओढाताण होते मॅडम.” बोलणारे माझे हितचिंतक होते, मला ते आजही मान्य आहे. पण कायदा त्यांना ठाऊक नव्हता आणि मलाही वकिलाने सांगितला तेव्हा कळला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याचं कलम ४७ आणि आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०: सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा, पद ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग खटल्यात २००३ मध्येच हे ठणकावून सांगितलंय. मला हवं होतं ते फार नव्हतं. पेपर तपासताना हस्ताक्षर वाचून दाखवणारा एक माणूस, आणि मीटिंगची टिपणं आदल्या दिवशी ईमेलवर. शिकवणं तर मी पहिल्यासारखंच शिकवत होते, उलट मुलांचे आवाज ओळखायला लागल्यामुळे शेवटच्या बाकावरच्यांची पंचाईत झाली!

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरलीत. तर समान संधी कक्ष.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातचे २१ झाले. त्यात आता विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहे. म्हणजे कक्षाच्या दारात येणारा विद्यार्थी बघून ओळखता येईलच असं नाही, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला शिकावं लागेल. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत, कलम ३२. सरकारी आस्थापनेत नोकरीत ४ टक्के, कलम ३४. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं, कलम २१. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या संस्थेचं धोरण वाचलंय? हात वर करा म्हणणार नाही, मला दिसणार नाही, शेजाऱ्याला विचारा.

डिजिटल गोष्टींबाबत ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल मिळवून वाचा. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. अॅसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी ती कशी करायची? न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपली प्रवेशाची पोर्टलं, त्यातला चित्रातला कॅप्चा, सगळं याच मोजमापाखाली येतं.

बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे लागतात आणि ते कमी आहेत, हे खरं. पण फळ्याकडे तोंड करून बोलणं तर आजच बंद करता येईल. बदललेली तारीख तोंडी सांगितली तर ती लिहूनही द्या.

आणि लेखनिक, म्हणजे परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहिणारा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा मंडळाकडून घ्यायचा हे त्या सूचनांनी विद्यार्थ्यावर सोडलं होतं, आणि मंडळाने लेखनिकांची यादी तयार ठेवायची. आपल्याकडे यादी नाही, म्हणून मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री अकरावी-बारावीची पोरं शोधत फिरतात. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारू नका. विकास कुमार खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराला तो हक्क दिलाय. परीक्षा विभागाचे साहेब पहिल्या रांगेत बसलेत असं मला सांगितलं गेलंय. साहेब, दर सत्राला तेच प्रमाणपत्र, तोच अर्ज, तीच सिव्हिल हॉस्पिटलची फेरी मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घेतली जाते. कायमचं अंधत्व सहा महिन्यांत बदलत नाही. प्रवेशाच्या वेळी एकदाच अर्ज घ्या आणि पदवी मिळेपर्यंत तोच चालवा. येत्या सत्रापासून करता येईल का, याचं उत्तर मला प्रश्नोत्तरांत तुमच्याकडूनच हवंय.