टोपलीची वीण आणि न गोठणारे स्पिन

जुन्या नाशकात, गोदाघाटापासून जवळच, ओट्यावर बसलेले एक कारागीर बांबूच्या ओल्या कामट्या विणत आहेत. तीन दिशांनी आलेल्या कामट्या एकमेकींच्या खालून-वरून जातात, मधे षट्कोनी भोक उरते आणि त्याभोवती सहा लहान त्रिकोण उमटतात. जपानमध्ये या विणीला ‘कागोमे’ म्हणतात. भौतिकशास्त्राने अशा रचनेच्या जाळीसाठी हे नाव उचलले. हर्बर्टस्मिथाइट या हिरव्या खनिजात तांब्याचे अणू नेमके याच विणीत, कामट्या एकमेकींना छेदतात त्या जागी बसलेले असतात.

तांब्याच्या प्रत्येक अणूचा स्पिन, म्हणजे त्याचे अंगभूत चुंबकत्व, शेजाऱ्याच्या उलट दिशेला वळू पाहतो. चौकोनात हे सहज साधते. त्रिकोणात मात्र पहिला वर आणि दुसरा खाली वळला, की तिसऱ्याचे कोणातरी एकाशी बिनसणारच. १९७३ साली भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी अशा त्रिकोणी जाळीसाठी एक विलक्षण कल्पना मांडली: स्पिन शेजाऱ्यांशी जोड्या बांधतील, पण कोणतीही एकच जोडणी कायम न ठेवता सर्व शक्य जोडण्यांच्या एकत्रित क्वांटम अवस्थेत राहतील. हेच क्वांटम स्पिन द्रव. स्फटिक घनच असतो. द्रवासारखे वागतात ते त्याचे स्पिन. हर्बर्टस्मिथाइटमधील स्पिनांची परस्परओढ सुमारे २०० केल्विन इतकी प्रबळ असूनही ०.०५ केल्विनपर्यंत थंड केल्यावर ते कोणत्याही ठरावीक मांडणीत गोठत नाहीत.

हे सिद्धान्ताने दाखवणे फार अवघड आहे. अवघ्या ४८ स्पिनांच्या शक्य मांडण्या २८१ लाख कोटींच्या घरात जातात. कारागिरांच्या हातातल्या टोपलीलासुद्धा ४८हून अधिक छेद आहेत. म्हणून संशोधक जाळी गोल वळवून तिचा लांबट दंडगोल करतात आणि त्यावर आकडेमोड करतात. म्हणजे, खरे तर, टोपलीच विणतात. २०११ मध्ये अशाच दंडगोलांवरील गणनेतून स्पिन द्रवाचा भक्कम पुरावा मिळाला आणि त्याला उत्तेजित करण्यासाठी किमान काही ऊर्जा लागते, असेही दिसले. २०१७ मधील गणनेचा कौल मात्र अशी किमान ऊर्जा लागत नाही, या बाजूने होता. दंडगोलाचा घेर मर्यादित असतो आणि उत्तर त्या घेरावरही अवलंबून असते. घेर एकेका ओळीने वाढवावा, तसतसे गणित अनेक पटींनी जड होत जाते.